झुंबरबाईंसाठी गरम गाडी

सारंगखेड्याच्या यात्रेत फोटो काढून घ्यायला बसलेला माणूस आणि पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसलेला माणूस, यांच्या चेहऱ्यांत फरक दिसायला हवा असेल तर कॅमेऱ्याशेजारी झुंबरबाई उभ्या असाव्या लागतात. हे ज्ञान धुळ्याच्या चुडामण नानांना एका हिवाळ्यात झालं, आणि पुढचा अख्खा हिवाळा त्यांनी त्या ज्ञानापायी घालवला.

चुडामण नाना जत्रांमधले फोटोग्राफर. त्यांचं दुकान चार चाकांवर होतं. एक म्हातारी मॅटाडोर त्यांनी कुठल्याशा बँड पार्टीकडून घेतली होती. मागच्या दारावर ‘शुभमंगल’मधलं ‘शुभ’ अजून शाबूत होतं, ‘मंगल’ घासलं गेलं होतं. आत एका अंगाला पलंग, पलंगाखाली ट्रंक, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि मागे फोटो धुवायचं एक अंधारं कपाट. या कपाटात शिरायचं तर नानांना आधी श्वास सोडून पोट आत घ्यावं लागे आणि बाहेर येईपर्यंत तो परत घ्यायची सोय नसे. वर्षाचे किती तरी महिने नवरा-बायकोचा संसार या गाडीत चाले. अमळनेर, पद्मालय, चांगदेव, जिथे पाळणा उभा राहील तिथे नानांची मॅटाडोर उभी.

फोटो नाना काढत, पण माणूस झुंबरबाई घडवत. एखादी सासुरवाशीण खुर्चीवर अंग चोरून बसली की झुंबरबाई तिचा पदर सारखा करता करता विचारत, “हास वं माय! दात काय सासूनी कुलूपमा ठेयेल शेतस का?” बाई फिसकन हसे, नाना बटण दाबत. पुरुषांसाठी त्यांचा हुकूम आखूड असे. “दादा, मिशी वर, पोट मझार.” दादा मिशी वर घेत, पोट आत घेत, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःला बरे दिसत.

मग एका कार्तिकात झुंबरबाईंचा दमा उठला. थोरला लीलाधर जळगावला नोकरीला होता, तो आईला तिकडे घेऊन गेला. नाना सारंगखेड्याला एकटे गेले.

त्या यात्रेतले फोटो पुढे कितीतरी दिवस आमच्या गल्लीत करमणुकीचा विषय होते. एका घोड्याच्या व्यापाऱ्याने आपला फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि नानांनाच विचारलं, “हाऊ कोन शे?” एक नवी नवरी फोटोत चक्क रडत होती. नानांनी प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांनीही “हासा!” म्हणून पाहिलं, पण ते अशा आवाजात, की आधीपासून हसत असलेलं एक पोरगंसुद्धा गप्प झालं.

नाना परतल्यावर जळगावला गेले, तेव्हा झुंबरबाईंनी फोटोंचं काहीच विचारलं नाही. खिडकीशी बसल्या बसल्या त्यांनी एवढंच विचारलं, “ताईबाई उनी व्हती का?”

ताईबाई म्हणजे बांगडीवाली. दरवर्षी यात्रेत तिचं पाल नानांच्या गाडीशेजारी पडे आणि संध्याकाळी दोघी पायरीवर बसून जगाची धुणी धूत. झुंबरबाईंना माहेर उरलं नव्हतं. आईबाप गेले, भावाने शेत विकून सुरतेची वाट धरली. दत्तजयंतीचं सारंगखेडं हेच त्यांचं माहेर होतं. तिथे कोणीतरी वर्षभर आपली वाट पाहतं, ही जगात त्यांच्या हक्काची एकच जागा.

“व्हती,” नाना म्हणाले. “तुन्हासाठे हिरव्या बांगड्या ठेयेल व्हत्यात तिनी.”

झुंबरबाईंनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. ती भिंत नानांनी पाहिली, आणि पुढच्या वर्षी लीलाधरची माय यात्रेत असणार हे त्यांच्यापुरतं तिथेच ठरलं.

आता नानांचं ठरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपलं ठरतं, मोडतं, पुन्हा ठरतं. नानांचं एकदा ठरलं की ते सिमेंटसारखं. वर पाणी मारलं तर आणखी घट्ट. पुढच्या दिवाळीत झुंबरबाई धुळ्याला परत आल्या तशा नाना डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “धूर नको आणि गारठ्यात झोपणं नको. बाकी बाई घोड्यावर बसल्या तरी माझी हरकत नाही.”

झालं! म्हणजे शेगडी बाद. रॉकेलची बत्ती बाद. आणि सारंगखेडं तापीच्या काठावर. डिसेंबरातल्या पहाटे नदीवरून असा वारा येतो की घोड्यांनासुद्धा झुली घालतात. तिथे नातलगाच्या घरी उतरावं, तर यात्रेत प्रत्येक घरात घरच्यांनाच झोपायला जागा नसते.

दिवाळीला आलेल्या लीलाधरने स्पष्टच सांगितलं. तो बोलायला मऊ, पण बापाचंच सिमेंट. “नाना, मागच्या वर्षी हिची रात्ररात्र मी पाहिलीय. तुम्ही नव्हता तिथे. हिला न्यायचं असेल तर आधी गाडीत ऊब करून दाखवा. यात्रेच्या दोन आठवडे आधी, रविवारी मी येईन. पहाटे स्वतः गाडीत बसून बघेन. गार लागलं, तर माय घरी.”

“मंजूर,” नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजेचा हीटर आणला.

तुम्ही तो हीटर पाहिला असेल. चकचकीत पत्र्याची थाळी, मधे चिनीमातीचा खुंटा, त्यावर गुंडाळलेली तार, पुढे जाळी. नानांनी तो पलंगापाशी ठेवला, झुंबरबाईंना समोर बसवलं, आणि त्याच्या दोन वायरी गाडीच्या बॅटरीला जोडल्या. दोघं थांबले. तार लाल होणं राहू द्या, ती जराशी लाजलीसुद्धा नाही. जावई रुसून बसावा तसा हीटर बसून राहिला.

“आयकं का,” झुंबरबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “यानाच अंगवर काही टाकू का? गारठना वाटस.”

नाना हीटर काखोटीला मारून अय्युबकडे गेले.

अय्युबचं आग्रा रोडला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान. नानांचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे दोघांत एकही वाक्य सरळ बोललं जात नसे. अय्युबने हीटर पाहिला, नानांना पाहिलं आणि चहा सांगितला. कारण हे प्रकरण उभ्या उभ्या आटोपणारं नाही हे त्याच्या लक्षात आलं.

“नाना, हाई हीटर नही, हत्ती शे. घरनी लाइटवर जगनारा. आन तू त्याले वाटीभर पानी दाखाडी ऱ्हायना.”

“मंग वाटी मोठी कर.”

“वाटी मोठी करी तरी हत्ती एक घोटमा पी टाकी.”

“तू कर ते खरं.”

अय्युबने केलं. घरची वीज दोनशे तीस व्होल्टची आणि बॅटरी बाराची, म्हणून त्याने हीटरची तार काढून टाकली आणि बॅटरीला मानवेल अशी जाड, आखूड तार बसवली. ट्रकची एक दणकट बॅटरी आणून जोडली. या वेळी मात्र तार लाल झाली. नुसती लाल नाही, लालभडक! गल्लीतली माणसं बघायला जमली. नाना मागच्या दारात असे उभे, की जणू विस्तव त्यांनीच शोधून काढला.

“गरम व्हयनं ना?” त्यांनी विचारलं.

“व्हयनं,” अय्युब नाक वर करून वास घेत म्हणाला. “वायर गरम व्हयनी.” आणि धावत जाऊन त्याने जोड तोडला. वायरीवरचं रबर लोण्यासारखं पाघळलं होतं.

जाड वायरी आल्या. हीटर पुन्हा पेटला. झुंबरबाई त्याच्यासमोर खिचडीचे तांदूळ निवडायला बसल्या; तांदूळ निवडून व्हायच्या आत बॅटरी झोपली. नानांनी दुसरी बॅटरी आणली. मग तिसरी. पलंगाखालची ट्रंक बाहेर गेली, मग स्टोव्हची पेटी, मग धान्याचा डबा.

अय्युब एकदा आत डोकावला. “भाभीले कोठे बसाडशी? बॅटरीसवर?”

“तिले सवय व्हई जाई.”

“आन आम्लाना वास? दमावाली बाईनी उशाशी बॅटऱ्या ठेवतस का, येडा?” या वेळी मात्र अय्युबच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याच दिवशी त्याने मागच्या पायरीखाली लोखंडी पेटी ठोकली आणि बॅटऱ्या बाहेर काढून तिच्यात ठेवल्या. त्यात मावल्या दोनच. “बस. आते तिसरी मांगी ते दोस्ती खलास.” गाडी चालू करायची बॅटरी वेगळी राहील आणि तिला नाना हात लावणार नाहीत, अशी शपथही त्याने घातली.

रविवार उजाडला. खरं तर उजाडायचा होता, तेव्हाच लीलाधर कानटोपी घालून गाडीत येऊन बसला. धुळ्याला त्या आठवड्यात असा गारठा पडला होता, की नळाखालच्या बादलीत हात घालायला मोठे मोठे लोक घाबरत होते. हीटर लाल होता. नाना हीटरकडे पाहत होते, लीलाधर घड्याळाकडे न पाहता हाताच्या तळव्यांकडे पाहत होता. समोरून गुडघे भाजत होते, पाठ मात्र बर्फ. थोड्या वेळाने त्याने पलंगावरच्या गोधडीखाली हात घातला, भिंतीच्या पत्र्याला लावला. पत्र्यावरून दव ओघळत होतं.

हीटरची तार लालची तपकिरी झाली, तपकिरीची काळी.

“नाना,” लीलाधर हळू म्हणाला, “तुम्ही खूप केलंत. पण मायला यात नाही नेता येणार.”

झुंबरबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दोघांच्या हातात कप दिले, घरात गेल्या, आणि यात्रेसाठी बाहेर काढलेली नवी शाल घडी करून कपाटात ठेवली. कपाटाची कडी लागल्याचा आवाज अंगणापर्यंत आला.

लीलाधर दुपारच्या गाडीने जळगावला गेला. नाना मॅटाडोरमध्येच बसून राहिले. ऊब गेली कुठे? दोन बॅटऱ्यांची अख्खी ताकद त्या डब्यात ओतली होती. ती काही अय्युबच्या खिशात गेली नव्हती. संध्याकाळी त्यांनी सवयीने गाडीतल्या दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. झुंबरबाई घरात असल्यामुळे तेवढी चोरटी मोकळीक होती. धुराची रेघ सरळ वर गेली, जराही इकडे तिकडे न रेंगाळता, आणि छतातल्या झरोक्यातून बाहेर पडली. जशी काही तिची बस सुटत होती.

हे झरोके म्हणजे नानांचा जीव की प्राण. आपल्याकडे खानदेशात थंडीला कोणी ऋतू मानत नाही. दोन उन्हाळ्यांमधली मधली सुट्टी मानतात. घर बांधणारा बांधतो ते वैशाखासाठी, पलंग टाकणारा टाकतो तो वाऱ्याच्या वाटेत. नानांनीही गाडी घेतल्या घेतल्या पहिलं काम केलं ते पत्रा कापायचं. छताला झरोके, दोन्ही अंगांना तिरप्या पट्ट्यांच्या खिडक्या, फळीत भोकं. अमळनेरच्या यात्रेत डोक्यावर ऊन फुटायला लागलं की बाकीच्या गाड्यांचे मालक पानं खायच्या निमित्ताने नानांच्या गाडीत येऊन बसत आणि म्हणत, “नाना, काय हवा शे!” नाना झरोक्याकडे बोट दाखवत. दुसरं काहीच बोलत नसत. थोर माणसं आपल्या कामाविषयी कमी बोलतात.

तर नानांनी उन्हाळा बाहेर काढायला जी वाट केली होती, तिनेच आता हिवाळ्यातली ऊब बाहेर चालली होती, आणि तेही अगदी ऐटीत.

हे अय्युबला सांगितलं तेव्हा तो गल्ल्यामागे हसून हसून वाकला. “म्हनजे इतला दिन आपीन बोगद्याले हीटर लाई ऱ्हायनूत!”

“झरोका बंद व्हवाव नही,” नाना म्हणाले.

“मंग भाभी येवाव नही.”

नाना उठून चालते झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने पाहिलं तर नाना शिडी लावून गाडीच्या टपावर बसलेले, तोंडात खिळे, हातात हातोडी, आणि झरोक्यांवर पत्र्याची झाकणं बसवताहेत. एक-एक खिळा असा ठोकत होते, की पाहणाऱ्यालाच लागावा. अर्थात माणसाला आत श्वास घ्यायचा असतो, म्हणून पायांच्या बाजूला एक फट त्यांनी मुद्दाम ठेवली. लोक म्हणतात अय्युबने सांगून ठेवायला लावली. नानांच्या म्हणण्याप्रमाणे ती मूळ रचनेतच होती.

पण झरोके बंद झाले तरी पत्रा तो पत्राच. तो गारठणारच. यावर उपाय निघाला तो घराच्या ओसरीत. दारापुढे सरदार पिंजारी धनुकली घेऊन शेजाऱ्यांच्या गाद्यांचा कापूस पिंजत बसला होता. नाना बराच वेळ उडणाऱ्या कापसाकडे पाहत राहिले.

“सरदार, माझी गाडी भरून दे.”

“गादी ना?”

“गाडी.”

सरदारने धनुकली खाली ठेवली. “नाना, दुल्हे की गादी भरी, सेठ की गादी भरी. मोटार को रजाई पैलेच बार.”

त्याने मात्र काम मनापासून केलं. जाड खादीच्या पट्ट्यांत कापूस भरून, टाके घालून, भिंतींच्या आणि छताच्या मापाच्या गाद्या शिवल्या आणि नानांनी त्या आतून लाकडी पट्ट्यांनी ठोकून बसवल्या. गाडी आतून एखाद्या दागिन्यांच्या डबीसारखी दिसायला लागली. अय्युब पाहायला आला आणि दारातच थबकला.

“वा! चोमेर कापूस, मझार लालभडक तार. होळी यंदा सारंगखेडामा का?”

हे काही नानांच्या डोक्यात आलं नव्हतं. चेहरा पडला, पण पाय मागे घेतला नाही. “मंग सांग, काय करानं?”

मधे बोलल्या त्या झुंबरबाई. इतके दिवस त्या या उद्योगाकडे, शेजारच्या घरचं लग्न पाहावं तशा पाहत होत्या. आता कंबरेवर हात ठेवून आत आल्या. “मी एक इचारू का? इतला दिन गाडी कसाले तापाडतस? थंडी गाडीले वाजस का माले?”

त्यांनी पलंगावर थाप मारली.

“माले पलंगपुरती ऊब जोयजे. ती काय तार लालच पाहिजे का? तवा लाल व्हस का कधी? तरी भाकर भाजास ना.”

अय्युबने नानांकडे पाहिलं. “भाभी, हाई पहिलेच सांगतीस तं मन्ही निम्मी डोकेदुखी वाचती.”

“कोनी इचारं माले?”

मग काम भराभर झालं. अय्युबने हीटरमध्ये लांब तार घातली, तापेल पण लाल होणार नाही अशी. आखूड लाल तारही बाजूला राहू दिली, आणि दोन्हींना एक खटका. खटका वर म्हणजे लाल, खाली म्हणजे काळी. लाल फक्त संध्याकाळी, घटकाभर, पलंग तापवण्यापुरती. मग रात्रभर काळी. हीटरचा कोपरा कापसाशिवाय उघडा ठेवला आणि तिथे मागेपुढे पत्रा मारला. पलंगापुरती खोली करायची म्हणून फोटो काढताना गिऱ्हाइकामागे लावायचा जाड पडदा मधे टांगला. तो निघाला नेमका हिमालयाचा. धुळ्यातल्याच एका पेंटरने जन्मात बर्फ न पाहता रंगवलेला, त्यामुळे त्यातले डोंगर लोण्याच्या गोळ्यांसारखे दिसत, तरी झुंबरबाईंनी पलंगावर बसून तो एकदा पाहिला आणि म्हणाल्या, “उलटा लावा. देखीसनच हुडहुडी भरस.” हिमालय ड्रायव्हरच्या बाजूला गेला.

लीलाधरला पत्र गेलं. उत्तर चार ओळींचं आलं: आता परत बघायला रजा नाही. तुम्ही निघा. दत्तजयंतीच्या पहाटे मी सारंगखेड्याला येतो. मायचा श्वास वाजत असला, तर पहिल्या बसने तिला घेऊन जाईन आणि मग तुम्ही अडवायचं नाही.

“नही अडवाव,” नाना पत्राला म्हणाले.

झुंबरबाईंनी कपाटाची कडी काढली. गाडी निघाली. नरडाण्याला चहा झाला, दोंडाईचा मागे पडलं, आणि तापीचा पूल दिसल्यावर झुंबरबाई सीटवर पुढे सरकून बसल्या त्या उतरेपर्यंत. ताईबाईने लांबूनच गाडी ओळखली. हातातल्या बांगड्या तशाच मनगटावर चढवून ती धावत आली आणि झुंबरबाईंच्या गळ्यात पडली. दोन बायका एकमेकींना शिव्या देत रडत होत्या. नानांनी तिकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे स्क्रू पिळले. ते आधीच घट्ट होते.

पाळण्याच्या जनरेटरवाल्याने दिवसभर बॅटऱ्या चार्ज करून दिल्या. बदल्यात नानांनी त्याच्या पोरांचा फोटो काढायचा, असं ठरलं. संध्याकाळी खटका वर झाला, पलंग तापला, झुंबरबाई गोधडीत शिरल्या. ठरल्याप्रमाणे आता खटका खाली यायचा.

इथे नानांनी माती खाल्ली. त्यांच्या मनात आलं, पहाटे लीलाधर येणार. त्याला आल्या आल्या कशी चुलीपुढे बसल्यासारखी धग लागली पाहिजे. लाल असू दे आणखी थोडी. आणखी थोडी, म्हणता म्हणता नानांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा हीटर काळा होता, आणि खटका अजून वरच होता. बॅटऱ्यांनी केव्हाच राम म्हटला होता.

बाहेर झुंजूमुंजू व्हायला लागलं होतं. धुक्यात घोडे खिंकाळत होते. नाना अंथरुणावर उठून बसले ते तसेच, गुन्हेगारासारखे. गाडी चालू करून तिच्या वेगळ्या ठेवलेल्या बॅटरीवर हीटर लावावा, असं एकदा मनात आलं. पण अय्युबची शपथ होती. आणि शपथ नसती तरी उपयोग काय? लीलाधर येतच असणार.

तो आलाच. दोंडाईच्याला पॅसेंजर सोडून, मिळेल त्या जीपमध्ये लटकत आलेला. कानटोपी, मफलर, नाक लाल. दार उघडून तो आत शिरला आणि शिस्तीच्या माणसासारखा सरळ हीटरपाशी गेला. हात लावला.

“हा तर थंड आहे, नाना.”

“लाल ठेवला होता,” नाना म्हणाले. “चूक झाली. माझीच.”

लीलाधरने पडदा बाजूला केला. झुंबरबाई कुशीवर झोपल्या होत्या. तो वाकला आणि कान देऊन ऐकू लागला. नाना पण ऐकत होते. बाहेर कोणीतरी घोड्याला पाणी दाखवत होतं. आत श्वास येत होता, जात होता. वाजत नव्हता. लीलाधरने गोधडीखाली हात घातला, मायच्या तळपायाला लावला, आणि तो हात तसाच ठेवून जरा वेळ उभा राहिला. मग दुसरा हात भिंतीला लावला. कापसाच्या गादीला दव नव्हतं. त्याने मफलर सोडला. मग कानटोपी काढली.

पायाला बर्फासारखा हात लागल्यावर झोपलेलं माणूस जे करतं तेच झुंबरबाईंनी केलं. पाय झाडून उठून बसल्या. “कोन शे रे हाऊ? लीलाधर? अरे, हात शे का गारनी लादी! बठ, आधी गोधडीमा घाल ते.”

“माय, रात्री गार लागलं?”

“रातले? रातले मी शाल काढी टाकी.”

लीलाधर पलंगाच्या कडेला बसला. आईने ओढून त्याचे दोन्ही हात गोधडीत घेतले. त्याने नानांकडे पाहिलं. मग म्हणाला, “तो खटका... रात्री खालीच ठेवायचा, नाना. रोज. मला शब्द द्या.”

“दिला,” नाना म्हणाले, आणि चहा ठेवायच्या निमित्ताने घाईघाईने खाली उतरले. स्टोव्ह आता कायमचा बाहेर, ताईबाईच्या पालाच्या आडोशाला होता.

ऊन वर आलं तशी गिऱ्हाइकं यायला लागली. पहिलं आलं ते एक व्यापाऱ्याचं जोडपं. नवरा खुर्चीवर असा बसला, की जणू घोडा परत करायला आलाय. बायको त्याच्यामागे जमिनीत नजर रुतवून उभी. झुंबरबाई नवी शाल सावरत पुढे झाल्या, त्यांनी त्या बाईची हनुवटी वर केली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते नानांना ऐकू आलं नाही; पण बाई अशी हसली, की नवऱ्याने मान वळवून पाहिलं आणि तोही हसला. नानांनी बटण दाबलं.

लीलाधर पायरीवर बसून ते पाहत होता. परतीच्या जीपने हॉर्न दिला तशी त्याने गाडीत ठेवलेली पिशवी घेतली. एकच पिशवी, त्याची स्वतःची. मायला वाकून नमस्कार केला आणि निघाला.

तो चार पावलं जातो न जातो तोच मागून हाक आली. “लीलाधर! अरे, दार उघडंच ठेयं तू. लाव पहिले. मझारनी ऊब जाई ऱ्हायनी.”

लीलाधर मागे फिरला, दार ओढून घट्ट लावलं, कडी घातली, आणि कडी नीट बसली की नाही ते एकदा हलवून पाहिलं. तोवर झुंबरबाई पुढच्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, “दादा, मिशी वर.”